आधी कागदावर, मग तांब्यावर

एटीएम कार्ड, पॅन कार्ड, वाहनचालकाचा परवाना या सगळ्यांचं माप जगभर एकच आहे: ८५.६० मिलीमीटर लांब, ५३.९८ मिलीमीटर रुंद, ०.७६ मिलीमीटर जाड. याच मापाची पांढरी पीव्हीसी कार्डं एप्सनच्या एल ८०० किंवा एल ८०५ प्रिंटरवर छापून देणारी दुकानं महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही सापडतात. हे प्रिंटर मुळात फोटोंसाठी निघाले, जोडीला सीडीवर थेट छापण्याची सोय होती. सीडी मागे पडली आणि तिच्या ट्रेच्या जागी कार्डाचा ट्रे आला. दोन खाचा, दोन कार्डं. ट्रे पुढून सरकवायचा, प्रिंटर तो आत ओढून घेतो आणि छापत छापत बाहेर सोडतो. आधार प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये बाजारात छापलेली पीव्हीसी आधार कार्डं वापरू नका, असं जाहीर केलं. तरी शाळांची ओळखपत्रं आणि कंपन्यांचे पास छापणं चालूच आहे, आणि गोदामांच्या भिवंडीत पासांना तोटा नाही.

त्या खाचेत प्लास्टिकच्या जागी तांबं चढवलेला ग्लास इपॉक्सीचा तुकडा ठेवला तर? असा बोर्ड ०.८ मिलीमीटर जाडीतही मिळतो. कार्डापेक्षा तो चार शतांश मिलीमीटरच जाड. सर्किटचा नकाशा थेट तांब्यावर छापायचा, शाई भाजून पक्की करायची आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. शाईखालचं तांबं राहतं, उघडं विरघळतं.

या कल्पनेवर भिवंडीत एकाच घरात दोन मतं निघू शकतात. एक मामा धरू. रेपियर माग आणि वाइंडिंग मशीन यांची कार्डं, म्हणजे त्यांतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली आहेत. दुसरी भाची धरू, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली. माणसं या लेखापुरती कल्पिलेली आहेत, त्यांच्या अडचणी मात्र खऱ्या.

“एवढा खटाटोप कशाला?” मामाचा पहिला सवाल. “लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर काढ, तांब्यावर उलटा ठेवून इस्त्री फिरव, पाण्यात कागद सोडव. कॉलेजात तेच करता ना?”

“करतो. आणि एखाद्या कोपऱ्याला टोनर चिकटतच नाही. इस्त्रीखाली कागद सरकतो. जास्त दाबलं तर बारीक ट्रॅक पसरून शेजारच्याला लागतात.”

“तो हाताचा दोष.”

“प्रिंटरला हात नसतात, मामा. म्हणूनच तर.”

मामा हसला, पण हटला नाही. “बरं, मग मला सांग. एकाच बाजूचा बोर्ड असेल तर तो ट्रेवर नेमका कुठे बसला, याने काय बिघडतं? मोठा तुकडा घे. त्यावर छाप, एचिंग कर, मग छापलेल्या रेषेवर काप. भोकंही छापलेल्या पॅडच्या मधोमधच पाडायची. नकाशा पाच मिलीमीटर डावीकडे गेला तरी कोणाच्या बापाला कळणार?”

इथे मामाने वादाचं निम्मं मैदान एका फटक्यात मोकळं केलं. घरगुती बोर्डांच्या चर्चेत ‘अलाइनमेंट’ हा शब्द सरसकट वापरला जातो, पण ती गरज सरसकट नसते. बोर्ड नकाशापेक्षा मोठा असेल आणि छपाई एकदाच, एकाच बाजूला असेल, तर बोर्डाची जागा गौण. ती महत्त्वाची होते बोर्ड आधीच मापात कापलेला असला, भोकं आधीच पाडलेली असली किंवा त्याच बोर्डावर दुसऱ्यांदा छापायचं असलं तर. दुसऱ्यांदा म्हणजे मागच्या बाजूला, किंवा शाईचा थर पातळ पडला म्हणून त्याच बाजूला पुन्हा.

“माझं घोडं तिथेच अडलंय,” भाची म्हणाली. “खाचेत बसवायचा तर बोर्ड आधी कार्डाच्या मापात कापावाच लागतो. कडेला सोडायला जागा उरत नाही. शिवाय शाई दोनदा मारावी लागली, तर दुसरा थर पहिल्यावर बसायला हवा.”

“मग प्रिंटर काय करतोय? डब्यावर लिहिलंय ना, इंचाला ५७६० बाय १४४० ठिपके?”

हा आकडा दुकानदार आवर्जून दाखवतात, म्हणून त्याची झाडाझडती घ्यायला हवी. इंचाला १४४० ठिपके म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये जेमतेम ०.०१८ मिलीमीटर. पण एक ठिपका शेजारच्या ठिपक्यापासून किती अंतरावर टाकता येतो, एवढंच तो सांगतो. पहिला ठिपका बोर्डाच्या काठापासून किती अंतरावर पडेल, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते ठरतं ट्रे आणि बोर्ड यांच्यात किती फट आहे आणि रोलर ट्रे कुठे पकडतो यावर. एप्सनच्या ट्रेवर खुणा असतात, त्या वाचून प्रिंटर ट्रेची जागा ठरवतो. ट्रेच्या आत बोर्ड कसा बसलाय, याची त्याला खबर नसते.

भाचीचा मार्ग सोपा आणि हुशारीचा होता. तांबं बाजूला ठेवायचं. ट्रेवर कागद घट्ट चिकटवायचा आणि त्यावर नकाशाची चौकट व दोन कोपऱ्यांत अधिकच्या खुणा छापायच्या. प्रिंटर कुठे छापतो हे आता प्रिंटरनेच दाखवलं. ट्रे बाहेर काढायचा, पुन्हा घालायचा आणि तेच चित्र त्याच कागदावर पुन्हा छापायचं. दुसरी खूण पहिलीवर बसली, तर ट्रेवर विसंबायला हरकत नाही. मग छापलेल्या चौकटीत बोर्ड दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवायचा, की झालं.

“आधी कागदावर, मग तांब्यावर,” ती म्हणाली. “मोजपट्टी लागतच नाही.”

मामाने खिशातून पिक ग्लास काढला. भिवंडीत कापडाच्या धंद्यातल्या माणसाजवळ ही वस्तू असतेच: घडी होणारं छोटं भिंग, खाली मोजक्या मापाची चौकट, कापडात इंचाला ताणे किती आणि बाणे किती हे मोजण्यासाठी. कागदावरच्या खुणेवर त्याने तो ठेवला. “उभी रेघ एकच दिसते. आडव्या दोन आहेत.”

हा फरक योगायोगाने पडत नाही. इंकजेटमध्ये हेड डावी-उजवीकडे धावतं, तेव्हा त्याच्या मागे ताणून बसवलेली बारीक रेघांची पारदर्शक पट्टी असते. डोळ्यासारखा सेन्सर त्या रेघा मोजत जातो आणि हेड कुठे आहे, हे दर क्षणी कळत राहतं. म्हणून आडव्या दिशेतली जागा सहसा चुकत नाही. कागद किंवा ट्रे पुढे सरकवण्याचं काम मात्र रोलरचं. रोलर किती फिरला हे प्रिंटर मोजतो. त्याखालची वस्तू खरोखर तितकीच सरकली का, हे तो पाहत नाही. घसरली की गणित बिघडलं. कागद रबराला धरतो, बोर्ड वाहून न्यायला लावलेला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा पत्रा तितका धरत नाही.

एप्सनचे सी ८४, सी ८६, सी ८८ हे जुने प्रिंटर खोलून, हेडचा सांगाडा वर उचलून त्यांतून बोर्ड सरळ पाठवण्याचे प्रयोग जगभरच्या हौशी लोकांनी केले. त्यांना सगळ्यात जास्त याच दिशेने छळलं. बोर्ड खाली धरायला पत्र्याचा वाहक असतो. त्याचा पुढचा काठ कागदाच्या सेन्सरची पट्टी दाबतो आणि तिथून मोजणी सुरू होते. काठ वाकडा असेल किंवा पत्रा थोडा तिरका आत गेला असेल, तर सुरुवातच वेगळ्या जागी. पत्र्याचा मागचा काठ एका रोलरमधून सुटला की त्या क्षणी बारीकसा झटका बसतो आणि छपाईवर आडवी चीर दिसते. यावर उपाय एकच: वाहक बोर्डापेक्षा पुढे-मागे बराच लांब ठेवायचा, म्हणजे छपाई चालू असेपर्यंत पकड सुटत नाही.

“म्हणजे तुझं घोडं उभ्या दिशेत लंगडतंय,” मामा म्हणाला. “आणि खाचेत बोर्ड हलतोय ते वेगळंच.”

“खाच सैल आहे थोडी. म्हणून टेप.”

“टेपवर कसली जागा धरतेस! टेप चिकटवते, जागा दाखवत नाही. कापलेल्या बोर्डाच्या लांब बाजूला दोन टेकू लाव, आखूड बाजूला एक. दर वेळी त्या तिघांना टेकेपर्यंत रेटायचं, मग टेप. आणि लांब बाजूचे दोन टेकू जवळ जवळ नकोत.”

या शेवटच्या सूचनेमागे साधा हिशेब आहे. बोर्डाच्या कापलेल्या कडेला दशांश मिलीमीटरचा खरखरीत बुरा राहिला आणि नेमका तोच एका टेकूला टेकला, असं समजा. टेकूंमध्ये ६० मिलीमीटर अंतर असेल, तर ८५ मिलीमीटर लांबीच्या बोर्डाचं एक टोक दुसऱ्याच्या मानाने सुमारे ०.१४ मिलीमीटर सरकतं. अंतर १० मिलीमीटर असेल तर तेच सरकणं ०.८५ मिलीमीटर होतं. साध्या पायांच्या आयसीत पॅड दीडेक मिलीमीटरचं आणि भोक ०.८ मिलीमीटरचं असतं. भोकाभोवती तांब्याची कडी उरते साधारण ०.३५ मिलीमीटर. आधी पाडलेल्या भोकांवर छापायचं असेल, तर पहिल्या मांडणीत कडी एका बाजूने थोडी बारीक होईल, दुसरीत भोक कडीबाहेर जाईल. नुसता बाजूला सरकलेला नकाशा फाइलमध्ये ओढून सुधारता येतो. तिरपा झालेला ओढून सुधरत नाही, आणि दर वेळी वेगळा तिरपा होत असेल तर कशानेच नाही.

इथे दोघांच्या भांडणाचा खरा विषय वर आला. भाची म्हणत होती, चूक असली तर असू दे, ती दर वेळी तितकीच असेल तर मी फाइलमध्ये तेवढंच उलट सरकवीन. एप्सनच्या सीडी छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाई वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची सोय यासाठीच होती. मामा म्हणत होता, दर वेळी तितकीच असेल हे आधी दाखव.

प्रस्तुत लेखकाचं मत या मुद्द्यावर मामाच्या पारड्यात आहे, पण अर्धंच. चूक दोन जातीची असते. एक कायमची: ट्रे नेहमी अर्धा मिलीमीटर डावीकडे बसतो, लांबी नेहमी थोडी कमी येते. ती एकदा मोजली की संपली. दुसरी लहरी: आज इकडे, उद्या तिकडे. घरगुती छपाईची सगळी मेहनत या दुसरीला पकडण्यात जायला हवी, आणि बहुतेक लोक वेळ घालवतात पहिलीवर. कागदावर दोनदा छापण्याची भाचीची युक्ती नेमकी लहरी चूकच पकडते. पहिलीसाठी तिची गरजच नाही.

कायमच्या चुकीतही एक फसवी जात आहे. भाचीने १०० मिलीमीटरची रेघ उभ्या दिशेत छापायला हवी आणि व्हर्नियरने मोजायला हवी, असं मामाचं म्हणणं. ती ९९ भरली तर? एक टक्का म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण डिप्लोमाच्या मुलांनी वर्षानुवर्षं घोकलेल्या ८०५१ सारख्या मायक्रोकंट्रोलरला ४० पाय असतात, एका ओळीत वीस. पायांमधलं अंतर २.५४ मिलीमीटर, म्हणजे पहिल्यापासून विसाव्यापर्यंत ४८.२६. एक टक्का कमी पडलं तर विसावं भोक जवळपास अर्धा मिलीमीटर अलीकडे येतं आणि आयसीचे पाय वाकवावे लागतात. या चुकीचं मूळ कित्येकदा रोलरमध्ये नसतंच. छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ला टिक राहून गेलेली असते.

“ती टिक मी काढते,” भाची जरा चिडूनच म्हणाली.

“काढत असशील. मोजतेस का?”

तिने मोजलं नव्हतं. मामाने विषय वाढवला नाही.

त्याने दुसरीकडून घाव घातला. बाजूच्या गाळ्यात माग चालतात, जमीन दिवसभर थरथरते. अशात केसासारखी रेघ सरळ येईल कशी? इथे भाचीची बाजू भक्कम होती. “मामा, हेड आणि बोर्ड एकाच सांगाड्यावर आहेत. थरथरला तर दोघं मिळून थरथरतात. एकमेकांच्या मानाने हलत नाहीत.” हे पटण्यासारखं आहे. ट्रे लांब असून पुढे लोंबत असेल तर तो स्वतःच झुलू शकतो, त्याला खालून आधार द्यायला हवा. बाकी मागांच्या धडधडीला दोष देण्यात अर्थ नाही. भिवंडीची खरी अडचण हवेतल्या तुसाची. माग चालतो तिथे धाग्याचा बारीक तूस तरंगत असतो. त्यातला एक तंतू घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर बसला आणि दोन ट्रॅकच्या मधल्या ओल्या शाईत लोळला, तर शाई त्याच्या अंगाने पसरते. एचिंगनंतर तिथे तांब्याचा पूल उरतो आणि सर्किट शॉर्ट. छपाईआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि लगेच ट्रेवर चढवायचा, एवढं तरी करावंच लागतं. ट्रे पुसायला सुती चिंधी घेणं म्हणजे आणखी तूस.

शाईचा मुद्दा निघाला तसं मामाचं कुतूहल चाळवलं. एल ८०५ ची मूळ शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची. खास लेप दिलेल्या पीव्हीसी कार्डावर ती छान बसते. तांब्यावर तिचे थेंब गोळा होतात आणि फेरिक क्लोराइडच्या पाणचट द्रावात ती टिकायची नाही. इथे लागते पिगमेंट शाई, जिच्यात रंगाचे बारीक कण असतात. एप्सनच्या ड्युराब्राइट शाईत त्या कणांवर राळेचं आवरण असतं. दोनशे अंशांच्या आसपास भाजल्यावर ती तांब्यावर घट्ट बसते. म्हणून जुन्या प्रयोगांत ड्युराब्राइटवर चालणारे प्रिंटर पुन्हा पुन्हा दिसतात.

“एप्सनच का? कॅननचं काय बिघडलं?”

“कॅनन, एचपी शाई तापवून तिचा बुडबुडा करतात आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सनच्या हेडमध्ये पिझोचा तुकडा असतो. वीज दिली की तो वाकतो आणि शाई दाबली जाते. शाई उकळावी लागत नाही, म्हणून वेगळी शाई घालून बघता येते.”

“पिझो?” मामा थबकला. “आमच्या रेपियरच्या वेफ्ट सेन्सरमध्ये असतो तोच. बाणा त्यावर घासत गेला की वीज येते. घासणं थांबलं की बाणा तुटला असं समजून माग थांबतो.”

“तेच, उलट दिशेने.”

या एका गोष्टीवर दोघांचं विनातक्रार जमलं. अर्थात तेवढ्याने मामाचा कल बदलला नाही. त्याला छपाईचं वावडं मुळीच नव्हतं. त्याच्या मते घरी बोर्ड छापणारी ही मंडळी छपाईवाल्यांचा जुना धडा विसरून नव्याने ठेच खात होती. वसई-नवी मुंबईकडे एका बाजूचे बोर्ड करणारे छोटे कारखाने आजही स्क्रीन प्रिंटिंगनेच एचिंगची शाई मारतात. लाकडी पाटाला बिजागरीने जोडलेली चौकट, खाली टेकू, बोर्ड टेकूला रेटायचा, चौकट पाडायची, रबराची पट्टी ओढायची. बोर्ड शेकड्याने असले तरी नकाशा तिथेच पडतो, कारण चौकटीची आणि टेकूची जागा बदलतच नाही.

सर्किट बोर्ड हे छपाईच्या घरातलंच मूल आहे, हे मामाला ठाऊक असायचं कारण नाही. व्हिएन्नाचा पॉल आयस्लर लंडनला आला आणि १९३६ च्या सुमारास त्याने छापलेल्या तांब्याच्या पत्र्याचं सर्किट असलेला रेडिओ जुळवला. पत्र्यावर नकाशा उमटवायचा आणि नको तेवढं तांबं आम्लाने खायचं, ही पद्धत ब्लॉकमेकरांची. फोटो पूर्वी ज्या तांब्याच्या हाफटोन ब्लॉकवरून छापले जात, ते ब्लॉक फेरिक क्लोराइडनेच कोरले जायचे. आपल्याकडे रजिस्टर, म्हणजे एका छापावर दुसरा छाप नेमका, जुळवण्याची शिकस्त झाली ती राजा रविवर्मांच्या छापखान्यात. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला हा छापखाना दगडावरून रंगीत चित्रं छापायचा, दर रंगाला वेगळा दगड. एक रंग केसभर हलला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर. तिथल्या कारागिरांना हे सांभाळावं लागलं ते कडेच्या खुणांच्या आधारावर. भाचीच्या ट्रेवरच्या कोपऱ्यातल्या खुणा त्याच जातीच्या.

मग आला दोन्ही बाजूंच्या बोर्डाचा प्रश्न, आणि तिथे वाद खरोखर तापला.

भाचीची योजना अशी होती: पुढची बाजू छापायची, भाजायची. बोर्ड उलटा करून त्याच खाचेत त्याच टेकूंना रेटून ठेवायचा, मागची बाजू आरशातली करून छापायची.

“उलटल्यावर टेकूला दुसरी कड लागते,” मामा म्हणाला. “तुझी खाच चौकोनी, पण तुझा बोर्ड चौकोनी आहे का? हॅकसॉने कापलायस.”

हा आक्षेप खोडता येत नाही. आणि बोर्ड अगदी काटकोनात कापला, तरी उलटण्यात एक खोडी दडलेली असते. बोर्ड ज्या मधल्या रेषेभोवती उलटला, तिच्यापासून नकाशा ०.१ मिलीमीटर डावीकडे पडतोय, असं धरू. दोन्ही वेळा यंत्राच्या दृष्टीने नकाशा डावीकडेच पडला. पण बोर्ड उलटल्यामुळे पहिली बाजू उजवीकडे गेलेली असते. दोन्ही बाजूंत फरक पडतो ०.२ मिलीमीटरचा, म्हणजे मूळ चुकीच्या दुप्पट. एका बाजूला खपून गेलेली चूक दोन बाजूंना उघडी पडते ती यामुळे.

मामाचा उपाय भोकांचा. बोर्डाच्या दोन टोकांना, जितकं लांब जमेल तितकं लांब, दोन भोकं आधी पाडायची आणि ट्रेवर तेवढ्याच अंतरावर दोन पिना बसवायच्या. पिना बोर्डाच्या वर येता कामा नयेत, हेड घासेल. बोर्ड पुढून ठेवा की मागून, भोकं त्याच पिनांवर बसतात आणि कापलेल्या कडेचा संबंधच उरत नाही. “कड खोटी बोलते. भोक खोटं बोलत नाही.”

“भोक पिनेपेक्षा मोठं झालं की तेही बोलतं,” भाची म्हणाली. “०.८ च्या पिनेला १.० चं भोक, म्हणजे ०.२ ची ढिलाई तूच ठेवलीस. हातातलं ड्रिल थरथरतं ते वेगळंच. आणि ट्रेवरच्या पिना कुठे बसवायच्या, हे तुला कोण सांगणार? प्रिंटरच ना! आधी कागदावर पिनांच्या जागा छापून घ्याव्याच लागतील.”

मामा गप्प झाला. तिचा मुद्दा बिनतोड होता. पिन कितीही पक्की असली तरी ती हेडच्या हिशेबाने कुठे आहे, हे हेडनेच दाखवावं लागतं. दोघांच्या पद्धती एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, हे इतका वेळ भांडल्यावर दोघांच्याही लक्षात आलं असावं. कबूल मात्र कोणी केलं नाही.

कबूल न करता पुढचं बोलणं कामाचं झालं. भाचीने सुचवलं, कागदावर पिनांच्या जागा छापायच्या, तिथेच पिना बसवायच्या, मग बोर्डाऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्याला दोन भोकं पाडून त्यावर छापायचं. तुकडा उलटून मागूनही छापायचं. प्लास्टिक पारदर्शक असल्याने दोन्ही बाजूंच्या खुणा एकावर एक दिसतील, पिक ग्लासने फरक मोजता येईल. मामाने त्यात भर घातली: फरक दिसेल त्याच्या निम्मा फाइलमध्ये सरकवायचा, पूर्ण नाही. पूर्ण सरकवलास तर चूक तेवढीच राहील, फक्त दुसऱ्या बाजूला जाईल. उलटण्याच्या दुप्पटीचा हिशेब त्याने बरोबर पकडला होता.

तांब्यावर जाण्याआधी हे सगळं प्लास्टिकवर होतं, यातही फायदा आहे. तसं तांब्यावरही चुकलं तर आकाश कोसळत नाही. न भाजलेली शाई पुसून बोर्ड पुन्हा छापता येतो, मध्येच वीज गेली तरी बोर्ड फुकट जात नाही. भाजल्यावर मात्र खरवडणं आलं.

“आणि फेरिक क्लोराइड कुठे ओततेस?” मामाने मध्येच विचारलं. “मोरीत ओतू नकोस.” हा प्रश्न भिवंडीत तरी विचारायला हवाच. वापरलेल्या द्रावात तांबं विरघळलेलं असतं, आणि कामवारी नदीने आधीच पुष्कळ सोसलंय. त्यात लोखंडाचा कीस टाकला की तांबं तळाशी बसतं, गाळ वेगळा करून ठेवता येतो. ते काम भाचीकडे आलं.

शेवटी मामाने वाटणी केली. वाइंडिंग मशीनच्या रिलेचं कार्ड एका बाजूचं आहे, पॅड मोठे, ट्रॅक रुंद, पायांमधलं अंतर २.५४. ते छापून बघायला त्याची ना नव्हती. रेपियरच्या कार्डावर अर्ध्या मिलीमीटरच्या अंतराने पाय असलेली आयसी आहे, दोन्ही बाजूंना ट्रॅक आहेत आणि भोकांच्या आत तांबं चढवलेलं आहे. ते कारखान्यातच जाणार. भोकांच्या आतलं तांबं कुठलाही इंकजेट चढवत नाही, हे भाचीनेच सांगितलं होतं.

“पण मामा, कारखान्यातून आलेल्या कार्डावर पार्टांची नावं नसतात म्हणून तू मार्करने लिहितोस ना?” ती म्हणाली. “ती तरी प्रिंटरवर छापू दे. भोकं त्यांनी पाडलेली, पिना आपल्या. दोन टोकांची भोकं पिनांवर बसली तर आर १२ हे आर १२ च्या शेजारीच छापलं जाईल.”

“आणि नाही बसली तर?”

“तर अल्कोहोलने पुसायचं.”

मामाने रेपियरचं एक जुनं, जळलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि व्हर्नियरने त्याच्या टोकांच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायला घेतलं. भाचीने आकडा लिहून घ्यायला वही उघडली.